नामदार जगन्नाथ शंकरशेट : एका घराण्याचा जुन्या दप्तरांतून घेतलेला माग

नामदार नाना शंकरशेट यांची तसबीर आमच्या दैवज्ञ ज्ञातीतील पुष्कळ जुन्या घरांतून पाहावयास मिळते. नानांनी शाळा काढल्या, मुंबईस आगगाडी आणण्याच्या खटपटीत ते अग्रभागी होते, कौन्सिलात बसण्याचा मान त्यांस मिळाला, एवढे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु हे घराणे मूळचे कोठले, मुंबईस केव्हा आले, नानांच्या आधी त्या घरात कोण कोण कर्ते पुरुष होऊन गेले, असे विचारले असता जाणती माणसेही एकदोन नावांपलीकडे जात नाहीत. थोर पुरुषाचे चरित्र त्याच्या कर्तृत्वापासून आरंभ करण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. यंदाच्या अंकात आम्ही ती रीत किंचित मोडून नानांच्या घराण्याच्या वाटेने नानांपर्यंत पोचण्याचे योजिले आहे.

असा माग काढणे आपल्या ज्ञातीच्या बाबतीत अवघड का, हे प्रथम सांगितले पाहिजे. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या घरी वतनाचे कागद असतात. वतनाचा तंटा उपस्थित झाला की महजर होई, साक्षी होत, निवाडपत्र लिहिले जाई, आणि त्या निवाडपत्रात वादीच्या चारपाच पिढ्यांची नावे ओघानेच येत. भांडणाने का होईना, वंशावळ जतन झाली. पोतदारीचे वतन असलेली काही घराणी सोडली तर आमच्या मंडळींचा सारा व्यवहार तराजू आणि वही यांचा. खाते चुकते झाले की वहीचे काम संपले. दोनतीन पावसाळ्यांत तिला वाळवी लागे, नाहीतर ती रद्दीत जाई. यामुळे आपल्या पूर्वजांचा शोध आपल्या घरच्या माळ्यावर क्वचितच लागतो. तो लागतो दुसऱ्यांच्या दप्तरांत, रस्त्यांच्या नावांत, देवळांच्या बांधणीत. नानांचे घराणे याचे उत्तम उदाहरण होय.

पहिली अडचण नावाची. या घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. पण मुंबई सरकारच्या इंग्रजी कागदपत्रांत मुरकुटे म्हणून शोधू गेल्यास नाना हाती लागावयाचे नाहीत. इंग्रज कारकुनांच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्यांनी लिहिले, आणि त्यांच्या लेखणीतून आमचे जगन्नाथ शंकरशेट हे जग्गोनाथ संकरसेट होऊन बाहेर पडले. वडिलांचे नाव शंकर, त्यास व्यापाऱ्याचा आदरवाचक शेट जोडला, आणि हे जोडनावच साहेबांच्या दरबारी आडनाव ठरले. खुद्द शंकरशेट हे बाबुलशेटांचे चिरंजीव. एक पिढी मागे जावे तर शंकरशेट हे शेपूट गळून बाबुलशेट लागते, आणखी मागे गेले की गणबाशेट. पुढे यावे तर नानांचे सुपुत्र विनायकराव हे कागदोपत्री विनायक जगन्नाथ म्हणून दिसतात. एकाच घरातील सलग पिढ्या वेगवेगळ्या नावांनी वावरतात. ज्यास ही रीत ठाऊक नाही, त्यास ही एकमेकांशी संबंध नसलेली निरनिराळी कुळे वाटतील. आमच्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांचे धागे असेच तुटले आहेत. माणसे नाहीशी झाली नाहीत, केवळ नावे बदलली. आणि शोधणाऱ्याने एकाच नावाचा हट्ट धरला.

हे घराणे अठराव्या शतकात कोकणपट्टीतून, घोडबंदरच्या बाजूने मुंबईस आले. घोडबंदर हे साष्टीच्या उत्तर टोकाचे, उल्हास नदीच्या खाडीवरील बंदर. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी फिरंग्यांकडून जिंकून घेतली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई सर केली, आणि या सर्व मुलखावर पेशव्यांचा अंमल बसला. मुंबई बेट मात्र इंग्रज कंपनीच्या हाती होते. घोडबंदराहून मुंबईस येणे म्हणजे नुसता गाव बदलणे नव्हे, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येणे होते. खाडीतून मचवा निघाला की एकदोन भरतीओहोटीत माणूस मुंबईच्या बंदरास लागे. अंतर थोडे, परंतु धनी निराळा, कायदा निराळा, चलन निराळे. ज्या गावी अनेक प्रकारची नाणी येऊन पडतात, तेथे ती पारखणाऱ्याची, वटाव करणाऱ्याची, हुंडी लिहिणाऱ्याची गरज असते. सोने-रुप्याचा कस जाणणाऱ्या आमच्या मंडळींस मुंबईने का ओढून घेतले, याचा निराळा खुलासा करावयास नको.

मुंबईत या घराण्याची पहिली खूण कागदावर न सापडता रस्त्यावर सापडते. कोटाच्या आत, म्हणजे ज्यास आजही लोक फोर्ट म्हणतात त्या भागात, एक गल्ली गनबो स्ट्रीट या नावाने दीडशे वर्षांहून अधिक काळ ओळखली जात होती. इंग्रजी कानाने ऐकावे तर गन म्हणजे बंदूक आणि बो म्हणजे धनुष्य. कोणा परक्याने त्यावरून तर्क लढविले तर नवल नाही. वस्तुतः ते नाव गणबाशेटांचे. मुंबईच्या स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज ग्रंथकारांनीच ही गोष्ट नमूद करून ठेविली आहे. कंपनी सरकारच्या तटबंदीच्या आत, जेथे जागेच्या इंचाइंचासाठी चढाओढ, तेथील गल्लीस एका एतद्देशीय व्यापाऱ्याचे नाव पडावे यावरून त्या पुरुषाचा वकूब ध्यानात यावा. पुढे त्या रस्त्याचे रुस्तम सिधवा मार्ग असे नामांतर झाले. नातवाच्या मुलाचे, म्हणजे नानांचे, नाव गिरगावच्या हमरस्त्यास व नाना चौकास आहे. मूळ पुरुषाचे नाव मात्र नकाशावरून उतरले. जुने दुकानदार अजूनही गनबो स्ट्रीट म्हणतात, पण ते का म्हणतात हे त्यांच्यापैकी किती जणांस ठाऊक असेल याची आम्हांस शंकाच आहे.

आता एका अशा कागदाकडे वळतो, की जो आमच्या ज्ञातीच्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावयास पाहिजे. त्यात नानांच्या घराण्याचे नाव नाही, तरी त्याच्यावाचून त्या घराण्याच्या वाटचालीचा अर्थ उमगत नाही.

१७७९ सालच्या पावसाळ्यात मुंबई सरकारने एक ठराव केला. आमच्या ज्ञातीची मंडळी परस्परांस वंदन करताना नमस्कार हा शब्द व तो प्रकार योजीत असत. तसे करण्याचा त्यांस अधिकार नाही, अशी तक्रार ब्रह्मवृंदाने सरकारकडे वारंवार केली होती, आणि पेशव्यांकडूनही गव्हर्नरास अनेकदा पत्रे आली होती. इंग्रजांनी ही तक्रार मान्य केली आणि सोनार ज्ञातीस नमस्काराची मनाई केली. तसे ज्ञातीच्या मुख्यास लेखी कळविण्यात आले. ठरावात कारणही स्पष्ट नमूद आहे. या बाबीत कंपनीचे हिताहित काही गुंतलेले नाही. सबब हा निर्णय पेशव्यांप्रीत्यर्थ केलेला एक शिष्टाचार समजावा, असा त्याचा आशय आहे.

हा ठराव ज्या साली झाला ते साल वाचकांनी लक्षात घ्यावे. त्याच वर्षी जानेवारीत वडगावी मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेस कोंडून शरण आणले होते. जो करार तेथे झाला तो मुंबईकर व कलकत्तेकर इंग्रज मानावयास तयार नव्हते. युद्ध मिटले नव्हते. अशा स्थितीत पेशव्यांस खूष करावयाचे तर मुलूख सोडावा लागतो, पैसा मोजावा लागतो. त्यापेक्षा सोनारांच्या हातचा नमस्कार काढून घेणे स्वस्त पडले. ज्या कोणास वाटत असेल की इंग्रजी अमलात येताच जुनी बंधने आपोआप गळून पडली, त्याने हा कागद एकवार वाचावा. मुलूख सोडून, राज्य बदलून मुंबईस आलेल्या आमच्या पूर्वजांचा मान दोन सरकारांच्या परस्पर देवघेवीत एका ओळीने खर्ची पडला. हे लिहिण्यात आज कोणत्याही ज्ञातीस दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. दोन शतकांपूर्वीचे भांडण उकरून काढण्यात स्वारस्य ते काय? परंतु अपमानाचा कागद झाकून ठेवून केवळ गौरवाचे कागद मांडणे हा इतिहास नव्हे, आणि त्या कागदाशिवाय पुढील पिढीच्या कर्तृत्वाची उंचीही मोजता येत नाही.

गणबाशेटांनंतर बाबुलशेट व त्यांच्यानंतर शंकरशेट यांनी पेढी वाढविली. टिपू सुलतानाशी इंग्रजांचे जे शेवटचे युद्ध १७९९ साली झाले, त्या धामधुमीच्या काळात शंकरशेटांच्या व्यापारास मोठी बरकत आली, असे सांगतात. १८०३ च्या फेब्रुवारीत दहा तारखेस ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे जगन्नाथांचा जन्म झाला. मुरबाड त्या वेळी पेशव्यांच्या राज्यात होते. बरोबर एका आठवड्याने, १७ फेब्रुवारीस, मुंबईच्या कोटात भयंकर आग लागली आणि बाजारपेठेचा मोठा भाग भस्मसात झाला. तटबंदीच्या आतील दाटीवाटीची वस्ती यानंतर बाहेर पसरू लागली आणि कोटाबाहेरील एतद्देशीयांच्या गावठाणास शहराचे रूप आले. या आगीत किती पेढ्यांच्या वह्या, किती खतपत्रे जळाली असतील, याची कल्पनाच केलेली बरी. मुंबईतील घराण्यांचा शोध घेणाऱ्यांस १८०३ च्या अलीकडील कागद मुबलक मिळतात व पलीकडे एकदम अंधार पडतो, याचे एक कारण ही आगही असावी असे आम्हांस वाटते.

१८०६ साली शंकरशेटांनी गवालिया तलावाच्या रस्त्याजवळ, आजच्या नाना चौकाच्या परिसरात, भवानीशंकराचे देऊळ बांधले. देवतेचे हे नाव शिवपार्वतीचे खरे. पण त्यात घरच्या भवानीबाईंचे व शंकरशेटांचेही नाव गुंफलेले आहे. गणबाशेटांची खूण रस्त्याने राखली, तशी भवानीबाईंची खूण देवळाने राखली. आमच्या घराण्यांतील स्त्रियांची नावे शोधू जाता पदोपदी निराशा पदरी येते. पेढीच्या कागदांत त्या नाहीत, सरकारी दप्तरात नाहीत, वंशावळीच्या तक्त्यातही नाहीत. देवालयाच्या दानपत्रात किंवा एखाद्या विहिरीच्या शिळेवर तेवढे त्यांचे नाव अकस्मात भेटते. ज्यांच्या गावी अशी शिळा असेल त्यांनी तीवरील अक्षरे चुना लावून बुजविण्याच्या आत उतरून घ्यावीत, ही विनंती येथेच करून ठेवितो.

१८२२ साली शंकरशेट वारले आणि एकोणीस वर्षांच्या जगन्नाथांवर पेढीचा सर्व भार आला. त्याच वर्षी मुंबईत एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठी शाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. मौंटस्टुअर्ट एलफिन्स्टन साहेब गव्हर्नर होते. क्याप्टन जार्व्हिस चिटणीस होते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारखे विद्वान मराठी पुस्तके सिद्ध करीत होते. मंडळीच्या संस्थापकांत जगन्नाथांची गणना होते. पेढीवर बसावयाच्या वयात ते शाळांच्या कामास लागले, आणि तेव्हापासून मृत्यूपर्यंत, त्रेचाळीस वर्षे, ते काम त्यांच्याकडून सुटले नाही. एलफिन्स्टन साहेब १८२७ साली स्वदेशी परतले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी निधी उभारला आणि त्यातून पुढे एलफिन्स्टन विद्यालय उदयास आले. त्या खटपटीतही ते होते. १८३४ साली मुंबईत हिंदी गृहस्थांस जस्टिस ऑफ द पीस म्हणून प्रथम नेमण्यात आले. जमशेटजी जिजीभाई, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा, ढाकजी दादाजी यांच्या पंक्तीस त्या पहिल्याच यादीत आमचे जगन्नाथ शंकरशेट आहेत. ज्या सरकारने पंचावन्न वर्षांपूर्वी या ज्ञातीने हात कसे जोडावेत हे ठरविले होते, त्याच सरकारास आता तिच्यातील एका पुरुषास शहराच्या न्यायाधिकाऱ्यांत बसवावे लागले.

नानांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा कागद १८४७ सालचा आहे. १८४० साली मुंबई इलाख्यासाठी शिक्षणमंडळ नेमले गेले. त्यात तीन हिंदी सभासद होते व त्यांत नाना एक होते. १८४३ पासून सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष झाले. ते विद्वान, मोठे न्यायाधीश; परंतु त्यांचे मत असे की सरकारचा तुटपुंजा पैसा इंग्रजीतून थोड्या लोकांस उच्च शिक्षण देण्यात खर्चावा, आणि इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम असावे. वास्तविक नानांसारख्या धनिकाची, ज्यांच्या उठण्याबसण्यात इंग्रज अधिकारी होते, याने काहीच हानी नव्हती. त्यांच्या घरच्या मुलांस इंग्रजी शिकविण्यास पैसाही होता व पंतोजीही मिळत होते. तरी नाना, फ्रामजी कावसजी, मकबा आणि कर्नल पदास चढलेले तेच जार्व्हिस हे चौघे अध्यक्षांच्या विरुद्ध उभे राहिले. नानांनी आपले मत लेखी दिले. सर्वसामान्य जनतेपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवावयाचे तर ते देशी भाषांतूनच पोचेल. परकी भाषा शिकण्यास जो काळ व जी फुरसत लागते ती बहुजनांस कोठून असणार. आणि इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्यास तिची वाट मोकळी ठेवूनही पाया देशभाषेचाच असला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

वाद सरकारपर्यंत गेला व तडजोडीने मिटला. प्राथमिक शिक्षणात देशी भाषा आणि वरच्या इयत्तांत इंग्रजी, असे वळण पडले. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती व कानडी शाळांचे जे जाळे पुढे विणले गेले त्यास या तडजोडीचा आधार होता. नानांचा विजय पूर्ण झाला असे आम्ही म्हणत नाही. पण अध्यक्षाच्या खुर्चीत सरन्यायाधीशाच्या तोलामोलाचा इंग्रज बसलेला असता त्याच्यासमोर आपले मत कागदावर लिहून ठेवणे, आणि तेही मराठी शिकणाऱ्या गरीब मुलांच्या बाजूचे, हे त्या काळी किती जणांस साधले? हा कागद राहिला म्हणून आज हे सांगता येते. सभेत तोंडी बोलून नाना उठून गेले असते तर १८४७ सालचा वाद केवळ पेरी साहेबांच्या लेखणीतूनच आपल्यास कळला असता.

यापुढील कामे इतकी प्रसिद्ध आहेत की त्यांचा ओझरता उल्लेख पुरे. १८४५ पासून मुंबईस आगगाडी आणण्याच्या चळवळीत जमशेटजींसह नाना होते, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली. ज्या ठाण्याच्या मुलखातून त्यांचे पूर्वज खाडीच्या वाटेने आले, त्याच बाजूस एकवीस मैलांचा हा लोहमार्ग प्रथम गेला हा योगायोग मौजेचा खरा. १८४९ साली विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात एका मराठी शाळेस जागा दिली. शहरात मुलींस शिकविणे म्हणजे लोकापवाद ओढवून घेणे असा तो काळ. शाळा दुसऱ्याच्या आळीत निघावी असे म्हणणारे पुष्कळ होते, आपल्या दिंडीच्या आत घेणारे थोडे. सोनापूरची स्मशानभूमी शहराबाहेर दूर नेण्याचा बेत सरकारने केला तेव्हा गोरगरिबांच्या अडचणी पुढे मांडून तो थांबविण्यातही नानांचाच पुढाकार होता.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी एलफिन्स्टन विद्यालयात सभा भरून बाँबे असोसिएशन ही पश्चिम हिंदुस्थानातील पहिली राजकीय संस्था स्थापन झाली. नाना तिचे धुरीण होते आणि डॉक्टर भाऊ दाजी यांच्या जोडीने चिटणिसाचे काम करणारे विनायकराव जगन्नाथ हे नानांचेच पुत्र. कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती. या मंडळीने विलायतेत पार्लमेंटाकडे अर्ज धाडून राज्यकारभारातील खर्च, उणिवा आणि हिंदी लोकांस कौन्सिलात जागा नसणे यांविषयी गाऱ्हाणे मांडले. बाप आणि लेक एकाच संस्थेच्या कागदांवर दिसतात अशी ही दुर्मीळ जागा. आडनावाच्या घोटाळ्यामुळे कित्येक वाचक विनायकरावांस कोणी तिऱ्हाईत समजून पुढे जातात, म्हणून मुद्दाम सांगितले.

१८५७ साली उत्तरेत बंडाळी माजली तेव्हा नानांवरही संशयाचे बालंट आले. त्यांचा बंडवाल्यांशी पत्रव्यवहार असल्याचा बोभाटा काही इंग्रजांनी केला, चौकशी झाली, आणि तीतून काही निष्पन्न झाले नाही. ज्या वर्षी हे किटाळ त्यांच्या माथी आले, त्याच वर्षी मुंबई विश्वविद्यालयाच्या स्थापनेचा कायदा झाला व पहिल्या फेलोंच्या नामावळीत जग्गोनाथ संकरसेट हे नाव छापले गेले. संशयाचा कागद व सन्मानाचा कागद एकाच सालचे. १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली व ते नामदार झाले. दहा वर्षांपूर्वी अर्जात जे मागितले होते त्याचा एक अंश त्यांच्याच वाट्यास आला.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे देहावसान झाले. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले होते, शेअरांच्या सट्ट्यात मुंबईच्या नामांकित पेढ्या त्याच महिन्यात धडाधड बुडत होत्या. अशा हलकल्लोळातही शहराने या पुरुषास विसरले नाही. नगरभवनात, जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी पटकाविली होती. वेदोक्त-पुराणोक्ताच्या वादात ज्यांच्या संस्कारांवर बोट ठेवले गेले, त्यांच्यातील एकाच्या नावाने महाराष्ट्रातील पिढ्यान्पिढ्यांचे विद्यार्थी, बहुधा ब्राह्मणांची मुलेच, संस्कृताचे पारितोषिक घेत आली. नानांनी हे मनात आणून केले असे म्हणण्यास आधार नाही. पण आम्हांस त्यात मौज वाटते, ती लपवीत नाही.

हे सारे कागद कोठे आहेत? मुंबई सरकारचे जुने दप्तर राज्य पुराभिलेखागारात, काळ्या घोड्याजवळ एलफिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत ठेविलेले आहे. ज्या विद्यालयाच्या पायाभरणीस नानांचा हात लागला, त्याच्याच छपराखाली नानांचा काळ रुमालांत व बासनांत बांधून पडला आहे. शिक्षणमंडळाचे अहवाल छापील आहेत. पेशव्यांच्या मुलखातील घराण्यांसाठी पुण्याचे पेशवे दप्तर आहे. मुरबाड, कल्याण, ठाणे या बाजूच्या मंडळींस त्याचा उपयोग व्हावा. खासगी कागदांत सर्वांत विश्वासाच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्ये गाव, ज्ञाती व आडनाव विचारून वही काढतात आणि तीत आपल्याच आज्या-पणज्यांच्या सह्या निघतात. मात्र तेथे मूळ गाव व मूळ आडनाव सांगावे लागते. मुंबईत आल्यावर घेतलेले आडनाव सांगाल तर उपाध्याय वही मिटून ठेवील. नानांच्या घरचा माणूस तेथे शंकरशेट म्हणून गेला तर रिकाम्या हाती परतेल, मुरकुटे म्हणून गेला तर कदाचित पूर्वजांस भेटेल.

म्हणून संघाच्या सभासद कुटुंबांस आमची अशी विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आपले मूळ गाव, मूळ आडनाव, कुलदैवत, आणि बापापासून मागे आठवतील तितकी नावे एका कागदावर उतरवून ठेवावीत. सुनांची माहेरची नावे, गावासह, अवश्य लिहावीत. आजोबा कोणत्या साली मुंबईस किंवा अन्यत्र आले व प्रथम कोणाच्या पेढीवर वा दुकानी बसले, हे ठाऊक असल्यास तेही लिहावे. जुनी पेढीची वही, दानपत्र, शाळेचा दाखला, देवस्थानाच्या महाजनांची यादी असे काही घरी असल्यास मूळ कागद हातावेगळा न करता त्याची नक्कल किंवा छायाचित्र तेवढे पाठवावे. मोडी वाचता येत नाही म्हणून कोणी कागद टाकून देऊ नये. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.